क्रिकॉइडवरचा हात: दाबायचा कधी, काढायचा कधी

प्रश्न: मी भूलशास्त्राचं पदव्युत्तर शिक्षण संपवून नुकतीच एका लहान सरकारी रुग्णालयात रुजू झाले आहे. मागच्या आठवड्यात मध्यरात्री एक गरोदर बाई आली. प्लेटलेट्स फार कमी आणि बाळाचे ठोके उतरलेले, त्यामुळे मणक्यात सुई न घालता पूर्ण भूल द्यावी लागली. पोटातलं वर येऊन फुप्फुसात जाऊ नये म्हणून सिस्टरांनी क्रिकॉइड, म्हणजे स्वरयंत्राच्या तळाचं कूर्चेचं कडं, गळ्यावरून दाबून धरलं होतं. लॅरिंगोस्कोप (घशात बघायचं, दांडा आणि ब्लेड असलेलं साधन) घातला तर स्वरतंतू दिसेचनात. मी ‘हात सैल करा’ म्हटलं आणि लगेच सगळं समोर आलं, श्वासनलिकेत नळी गेली. आई आणि बाळ दोघंही घरी गेले. पण वरिष्ठांनी नंतर सुनावलं की नळीचा फुगा फुगेपर्यंत दाब सोडायचाच नसतो, पोटातलं वर आलं असतं तर काय केलं असतंस? माझं चुकलं का? आणि हा दाब मुळात उपयोगाचा आहे का?

उत्तर:

डॉक्टर, तुमचं चुकलं नाही. तुम्ही जे केलंत तेच मी केलं असतं, आणि माझ्या हाताखाली शिकणाऱ्या प्रत्येकाला मी तेच करायला सांगतो. पण तुमच्या वरिष्ठांना वाटलेली भीतीही खोटी नाही. ती कुठून आली हे समजून घेतलं तर पुढच्या वेळी ‘हात सैल करा’ म्हणताना तुमचा आवाज कापणार नाही. म्हणून जरा मागून सुरुवात करतो.

१९४६ साली न्यूयॉर्कमध्ये कर्टिस मेंडेल्सन यांनी प्रसूतीच्या वेळी भूल दिलेल्या बायकांचा मोठा आढावा छापला. १९३२ ते १९४५ या काळातल्या ४४,०१६ गरोदरपणांमध्ये ६६ जणींच्या पोटातलं अन्न किंवा आम्ल फुप्फुसात गेलं होतं. त्यातल्या दोघी दगावल्या, आणि त्या दोघी घट्ट अन्न श्वासमार्गात अडकून गुदमरल्या होत्या. तेव्हाची भूल म्हणजे तोंडावर मास्क आणि ईथर किंवा गॅस. नळी घालायची पद्धत नव्हती. त्यानंतर ‘बाळंतिणीचं पोट कायम भरलेलं समजा’ हे वाक्य आपल्या धंद्यात पक्कं बसलं.

मग १९६१ साली लंडनच्या मिडलसेक्स हॉस्पिटलमधले ब्रायन सेलिक यांनी ‘लॅन्सेट’मध्ये एक लहानसा लेख लिहिला. क्रिकॉइड ही स्वरयंत्रातली एकमेव कूर्चा अशी आहे की तिचं पूर्ण कडं असतं. श्वासनलिकेची बाकीची कडी मागच्या बाजूला उघडी असतात. सेलिक यांचा विचार असा की हे कडं पुढून दाबलं तर ते स्वतः न चेपता मागे सरकेल आणि अन्ननलिकेचं तोंड मानेच्या मणक्यावर दाबून बंद करेल. हवेचा रस्ता उघडा, अन्नाचा रस्ता बंद. कल्पना फार सुंदर आहे, आणि म्हणूनच ती इतकी टिकली असं मला वाटतं. त्यांनी पोट भरलेल्या २६ रुग्णांवर ही युक्ती वापरली. २३ जणांत काहीच वर आलं नाही. उरलेल्या तिघांत नळी गेल्यावर दाब सोडताच पोटातलं घशात आलं, म्हणजे तोवर दाबानं ते अडवून धरलं होतं असा त्यांचा निष्कर्ष.

आता हा लेख तुमच्या वरिष्ठांच्या दृष्टीनं वाचा. तीन माणसांच्या बाबतीत दाब सोडताच पोटातलं वर आलं! ‘सोडू नका’ ही ताकीद तिथूनच आली आहे. पण आजच्या नजरेनं वाचलं तर दुसऱ्याही गोष्टी दिसतात. दाब न देता तपासलेला तुलनेचा गट नव्हता. किती जोरानं दाबायचं याचा आकडा नव्हता. आणि सेलिक रुग्णाला डोकं खाली, मान पूर्ण मागे ताणलेली अशा स्थितीत ठेवत. आपण आज नेमकं उलट करतो, पाठ आणि डोकं उचलून घेतो, उशीवर मान पुढे आणतो. मान ताणलेली असली की मणके पुढे येतात आणि अन्ननलिका जागेवर धरली जाते. आपल्या स्थितीत तसं होत नाही. म्हणजे आपण हाताची युक्ती तेवढी उचलली, स्थिती बदलली, आणि नाव मात्र सेलिक यांचंच ठेवलं. १९७० साली स्टेप्ट आणि साफर यांनी झटपट भूल देऊन नळी टाकण्याचा क्रम लिहून काढला, त्यात हा दाब बसला. तिथून तो नियम झाला. पुरावा मागण्याची वेळ त्यानंतर बऱ्याच वर्षांनी आली.

दाबल्यानं अन्ननलिका खरंच बंद होते का? यावर लोक अजून भांडतात. २००३ साली जागत्या निरोगी माणसांचे एमआरआय काढून पाहिलं तेव्हा दाब नसतानाही निम्म्या लोकांत अन्ननलिका क्रिकॉइडच्या बरोबर मागे नव्हती, बाजूला होती. दाब दिल्यावर तर दहातल्या नऊ जणांत ती बाजूला सरकली. ते वाचून पुष्कळांनी ठरवलं की हा दाब म्हणजे नुसता देखावा आहे. सहा वर्षांनी दुसऱ्या एका गटानं पुन्हा एमआरआय काढले आणि सांगितलं की क्रिकॉइडच्या पातळीवर मागे असते ती अन्ननलिका नव्हेच, तो घशाचा खालचा भाग आहे. तो क्रिकॉइडबरोबरच हलतो आणि बाजूला सरकला तरी चेपला जातो. मग २०१४ साली आलेलं काम मला जास्त पटतं, कारण ते भूल दिलेल्या, स्नायू सैल केलेल्या माणसांवरचं आहे. ७९ रुग्णांत व्हिडिओ लॅरिंगोस्कोपनं बघत बघत अन्ननलिकेच्या तोंडातून पोटाची नळी घालायचा प्रयत्न केला. दाब नसताना ती सगळ्यांत गेली. ३० न्यूटन, म्हणजे साधारण तीन किलो वजनाइतका, दाब नीट दिला तेव्हा एकाही रुग्णात गेली नाही.

म्हणून ‘दाबानं काहीच होत नाही’ असं म्हणणाऱ्यांच्या बाजूचा मी नाही. नीट दिलेला दाब तोंड बंद करतो असं मी मानतो. पण दुसरी बाजूही आहे. जागत्या माणसात क्रिकॉइड दाबलं की जठराच्या वरच्या टोकाचा, म्हणजे अन्ननलिकेच्या खालच्या झडपेचा ताण कमी होतो हे मोजून दाखवलेलं आहे. आपण वरचं दार दाबून धरतो तेव्हा खालचं दार आपोआप ढिलं पडतं. आणि दार बंद झालं म्हणून रुग्ण वाचतो का, हा तर वेगळाच प्रश्न आहे.

त्या प्रश्नाला हात घालणारा सगळ्यात मोठा प्रयत्न फ्रान्समध्ये झाला. आयरिस नावाची ही चाचणी. दहा केंद्रं, ३,४७२ रुग्ण, सगळे झटपट भूल देण्याच्या गरजेचे. निम्म्यांना खरा दाब, निम्म्यांना खोटा. मदतनीसाचा हात झाकलेला, त्यामुळे नळी टाकणाऱ्याला कळत नव्हतं की दाब आहे की नाही. फुप्फुसात पोटातलं जाण्याचं प्रमाण खऱ्या दाबाच्या गटात १० जण, खोट्या दाबाच्या गटात ९ जण. म्हणजे जवळपास सारखं. तरीही संख्याशास्त्राच्या काटेकोर भाषेत ‘दाब न देणं हे दाब देण्याइतकंच सुरक्षित आहे’ असं त्यांना सिद्ध करता आलं नाही. मुळात घटनाच इतक्या थोड्या घडल्या की फरकाची शक्यता दोन्ही बाजूंना मोकळी राहिली. पण दुसरी गोष्ट मात्र स्पष्ट दिसली. स्वरतंतू नीट न दिसण्याचं प्रमाण, म्हणजे कॉरमॅक-लेहेनच्या चार श्रेणींपैकी (पहिली सगळ्यात चांगली) तिसऱ्या-चौथ्या श्रेणीचं दृश्य, खोट्या दाबात ५ टक्के आणि खऱ्या दाबात १० टक्के. नळी टाकायला तीस सेकंदांहून जास्त वेळ लागला तो ४० टक्क्यांच्या जागी ४७ टक्क्यांत. न्यूमोनिया, रुग्णालयातले दिवस, मृत्यू यांत फरक नाही.

एक लक्षात ठेवा, या चाचणीत गरोदर बायका नव्हत्या. तुमच्या रुग्णाला ते आकडे जसेच्या तसे लावता येत नाहीत. बाळंतिणींबद्दल मलावीतलं एक मोठं निरीक्षण आहे, सिझेरियनसाठी दिलेल्या ४,८९१ पूर्ण भुलींचं. त्यात दाबामुळे संरक्षण मिळाल्याचं दिसलं नाही. पण ती चाचणी नव्हती, निरीक्षण होतं, आणि दाब देणारे हात किती शिकलेले होते हा प्रश्न तिथे राहतोच.

निष्पक्षपणे हेही सांगायला हवं की दाबामुळे नळी जातच नाही असं नाही. २००५ साली ७०० रुग्णांवर झालेल्या चाचणीत, शिकवलेल्या माणसांनी ३० न्यूटनचा दाब नीट दिला तेव्हा तीस सेकंदांत नळी न जाण्याचं प्रमाण फारसं वाढलं नाही. माझा अनुभव याच्याशी जुळतो. चांगल्या हातानं दिलेला दाब बहुतेक वेळा फारसा आड येत नाही. वाईट हातानं दिलेला दाब फार आड येतो. आणि आपल्याकडे रात्री दोन वाजता मिळतो तो हात बहुतेक वेळा न शिकवलेला असतो.

वाईट हात म्हणजे काय, यावर जरा थांबतो, कारण खरा धोका इथे आहे. पहिली चूक जागेची. गळ्याचा उंचवटा हाताला लागतो तो थायरॉइड कूर्चेचा. घाईत माणूस तोच दाबतो. थायरॉइड असं न बघता जोरात दाबलं की स्वरतंतू जवळ येतात आणि दृश्य बिघडू शकतं. बायकांमध्ये तो उंचवटा नीट लागत नाही, गरोदर किंवा जाड मानेच्या बाईत तर अजिबातच नाही. दुसरी चूक दिशेची. मदतनीस बाजूला उभा असतो, हात आडवा येतो, आणि दाब मागे न जाता तिरका जातो. सगळं स्वरयंत्र डाव्या किंवा उजव्या अंगाला सरकतं आणि तुम्ही मधोमध बघत राहता. तिसरी चूक जोराची. जोर जास्त झाला की क्रिकॉइडचं कडं स्वतःच चेपतं, विशेषतः बायकांत. मग स्वरतंतू दिसूनही नळी पुढे जात नाही, कडेवर अडते. तेव्हा आपण नळीला दोष देतो, बूजी (नळीला वाट दाखवणारी लवचिक कांडी) मागतो, आणि बूजीही तिथेच अडते. चौथी गोष्ट चूक नाही पण त्रास आहे. एका हातानं मान पुढून दाबली की डोकं पुढे झुकतं, हनुवटी छातीकडे येते, तोंड कमी उघडतं. त्यात मदतनीसाची मूठ तुमच्या लॅरिंगोस्कोपच्या दांड्याच्या वाटेत. बाळंतिणीची भरलेली छाती असेल तर दांडा आत जायलाच जागा उरत नाही. अशा वेळी आखूड दांडा वापरा, नाहीतर ब्लेड आधी तोंडात घाला आणि दांडा मागून जोडा.

माझ्या पहिल्या दोन-तीन वर्षांतली एक रात्र अजून डोळ्यांसमोर आहे. आतडं अडकलेले एक आजोबा होते, पोट फुगून टमटमीत. हाताशी होता तो एक वॉर्डबॉय. त्याला ‘इथे दाब, मी सांगेपर्यंत सोडू नको’ एवढंच सांगितलं होतं. त्यानं ते शब्दशः पाळलं. मला काही दिसेना. दुसरा प्रयत्न, तिसरा प्रयत्न, सॅच्युरेशन ९० वरून ७० वर, मग त्याहून खाली. सर्जन ओरडत होते ‘सोडू नको रे’, मीही ओरडत होतो. त्याची बोटं पांढरी पडली होती इतका जोर त्यानं लावला होता. शेवटी मी त्याचा हात ढकलून दिला आणि पुढच्याच क्षणी स्वरतंतू समोर आले. घशात थोडा हिरवट पाझर होता, तो ओढून घेतला आणि नळी गेली. आजोबा दोन दिवस आयसीयूत राहून बरे झाले. त्या मुलाचा काही दोष नव्हता. दोष माझा, कारण कधी दाबायचं हे मी त्याला सांगितलं, कधी सोडायचं हे नाही. माझं तिथलं आकलन असं होतं की पोटातलं वर येणं हा एकच शत्रू आहे. प्राणवायू संपणं हा दुसरा शत्रू त्याच्याहून जास्त वेगानं येतो, हे मी त्या रात्री शिकलो.

म्हणूनच तुम्हाला ठामपणे सांगतो. पोटातलं फुप्फुसात जाणं भयंकर असतं, पण ते दर वेळी होतंच असं नाही, आणि झालं तरी बहुतेक रुग्णांना आपण सावरू शकतो. नळी न जाणं आणि श्वासही देता न येणं याला काही मिनिटांचीच मुदत असते. बाळंतिणीत तर ती मुदत आणखी लहान, कारण तिच्या फुप्फुसातला प्राणवायूचा साठा कमी आणि खर्च जास्त. ब्रिटनमधल्या डिफिकल्ट एअरवे सोसायटीच्या २०१५ च्या मार्गदर्शनातही हेच आहे की नळी टाकणं अवघड जात असेल तर दाब कमी करा किंवा काढा, सक्शन (घशातलं ओढून घ्यायची नळी) हाताशी ठेवून आणि बघत बघत. तुम्ही केलंत तेच. वरिष्ठांशी बोलाल तेव्हा वादाच्या सुरात न बोलता हे त्यांच्यासमोर ठेवा. त्यांनी शिकलं त्या काळात ‘सोडू नका’ हाच धडा होता, आणि तो त्यांनी रुग्णाच्या काळजीपोटीच जपला आहे.

आता हात कसा हवा ते. अंगठा आणि मधलं बोट क्रिकॉइडच्या दोन्ही बाजूंना, तर्जनी वरून मधोमध. बाजूची दोन बोटं कडं सरकू देत नाहीत, दाब तर्जनीनं सरळ मागे, मणक्याच्या दिशेनं. जागा शोधायची ती रुग्ण जागा असताना, भूल द्यायच्या आधी, आणि ती तुम्ही स्वतः शोधायची. थायरॉइडच्या खाचेपासून बोट खाली आणा, एक मऊ खळगा लागतो, त्याच्या खालचं पहिलं कठीण कडं म्हणजे क्रिकॉइड. तिथे पेनानं खूण करा. ज्या मऊ खळग्यावर तुमचं बोट होतं, गरज पडली तर मान कापून श्वासमार्ग उघडायची जागाही तीच, त्यामुळे ही खूण दोन्ही कामांना येते.

जोराचा आकडा १९९९ पासून असा धरतात की रुग्ण शुद्धीवर असताना १० न्यूटन, शुद्ध गेल्यावर ३०. आधी ४४ न्यूटन सांगत, आता सांगत नाहीत. शुद्धीवरच्या माणसाला त्याहून जास्त दाबलं तर दुखतं, गुदमरल्यासारखं होतं, ओकारी येते, आणि टाळायची गोष्ट आपणच घडवून आणतो. १० न्यूटन म्हणजे साधारण एक किलोचं वजन, ३० म्हणजे तीन किलो. हे सिस्टरांना शिकवायला महागडं यंत्र लागत नाही. बाळाचं वजन करायचा काटा ओटीच्या, म्हणजे ऑपरेशन थिएटरच्या, शेजारीच असतो. त्यावर तीन बोटं ठेवून तीन किलो दाबायला लावा, आधी आकड्याकडे बघून, मग न बघता. याहून सोपी युक्ती ५० मिलीच्या सिरिंजची. हवा ५० मिलीपर्यंत भरा, तोंड घट्ट बंद करा, दट्ट्या ३३ च्या खुणेपर्यंत दाबा. तिथे ३० न्यूटन होतात. एक किलोइतक्या दाबाला दट्ट्या ४२-४३ च्या आसपास थांबतो. भुलीच्या आधी दोन मिनिटं हे करून घेतलं तरी हाताला अंदाज येतो. ही सवय काही आठवड्यांत विसरते, म्हणून ओटीच्या कपाटात अशी एक सिरिंज कायमची ठेवून द्या.

दाब कधी काढायचा याचा हुकूम आधी ठरवून ठेवा, आणि तो भूल देण्याआधी मोठ्यानं बोला. मी असं सांगतो: ‘मी सैल म्हटलं की अर्धा, काढा म्हटलं की पूर्ण हात बाजूला. माझ्या परवानगीशिवाय सोडायचं फक्त एकाच वेळी, रुग्णाला जोरात उलटी यायला लागली तर.’ ही शेवटची अट फार महत्त्वाची. झोपेत हळूच वर येणारं पोटातलं आणि जोर लावून होणारी उलटी यांत फरक आहे. उलटीच्या जोरावर वरचं दार बंद धरलं तर अन्ननलिका फाटू शकते, तशा घटना नोंदलेल्या आहेत. उलटी झाली तर हात काढा, डोकं खाली करा, एका कुशीवर वळवा, सक्शन लावा.

दिसत नसेल तर पायऱ्या अशा. आधी मदतनीसाच्या हाताची दिशा बघा, बहुतेक वेळा तो सरकलेलाच असतो. मग दाब अर्धा. मग पूर्ण काढा. आणि मग तुमचा उजवा हात रुग्णाच्या गळ्यावर नेऊन तुम्ही स्वतः, बघत बघत, स्वरयंत्र हलवा. मागे, वर, थोडं उजवीकडे, जिथे दृश्य सगळ्यात चांगलं दिसेल तिथे, आणि मदतनीसाला म्हणा ‘अगदी इथेच धरा’. हा दाब थायरॉइडवरचा, हेतू वेगळा, जागा वेगळी. क्रिकॉइडचा दाब पोटासाठी असतो, हा दाब डोळ्यांसाठी. दोन्ही एकाच वेळी लावले तर दृश्य उलट बिघडतं. ओटीत ‘प्रेशर द्या’ एवढंच म्हणायची पद्धत आहे, आणि त्यामुळे सिस्टरांना कळत नाही की आपण कोणता दाब मागतो आहोत. शब्द वेगळे वापरा.

नळी जातच नसेल आणि एलएमए (घशात स्वरयंत्राच्या तोंडावर बसणारा मास्क) घालायची वेळ आली तर दाब काढूनच घाला. क्रिकॉइड दाबलेलं असेल तर तिचं टोक जागेवर बसत नाही. मास्कनं श्वास द्यायचा असेल तर मात्र दाबाचा एक खरा उपयोग आहे, हवा पोटात कमी जाते. अठराव्या शतकात बुडालेल्या माणसांना भात्यानं श्वास देताना डॉक्टर नेमकं याच कारणासाठी स्वरयंत्र मागे दाबायचे. म्हणून सॅच्युरेशन पडत असेल तर हलक्या हातानं, कमी दाबानं श्वास द्यायला घाबरू नका. पोट भरलेल्याला मास्कनं श्वास द्यायचाच नाही हा जुना नियमही आता सैल झाला आहे.

लहान मुलांबद्दल थोडक्यात. त्यांची कूर्चा मऊ, तान्ह्या बाळात ५ न्यूटन इतक्या हलक्या दाबानंही श्वासमार्ग चेपतो. मी मुलांमध्ये हा दाब वापरत नाही. हृदय बंद पडलेल्या माणसाला नळी टाकतानाही नेहमीच्या रीतीनं वापरू नये असं अमेरिकन हार्ट असोसिएशननं २०१० पासून सांगितलं आहे.

ज्या गोष्टींनी खरा फरक पडतो त्या या दाबाहून कमी बोलल्या जातात, आणि मला त्याचं वाईट वाटतं. बाळंतिणींमधले असे मृत्यू कमी झाले त्यात मोठा वाटा मणक्यातल्या भुलीचा आहे. पूर्ण भूलच न देणं हा सगळ्यात चांगला बचाव. ती द्यावीच लागली तर ओटीत नेण्याआधी पोटातलं आम्ल मारणारं ०.३ मोलरचं सोडियम सायट्रेट ३० मिली पाजा. आतडं अडकलेल्यात पोटातली नळी आधी घाला, ओढून रिकामं करा, आणि नळी काढू नका. ती असली तरी दाब काम करतो. रुग्णाला २०-२५ अंश डोक्याकडून उचला. प्राणवायू मास्क घट्ट धरून तीन मिनिटं, नाकाची नळीही चालू ठेवा. सक्शनचं टोक चालू करून उशीखाली, हाताला लागेल असं. स्नायू सैल करणाऱ्या औषधाचा डोस पुरेसा द्या. रोक्युरोनियम १ ते १.२ मिलीग्रॅम प्रति किलो किंवा स्कोलीन १ ते १.५, आणि पूर्ण परिणाम होईपर्यंत थांबा. अर्धवट भुलीत, स्नायू सैल व्हायच्या आधी ब्लेड घातला की माणूस खोकतो, ओकतो, आणि तेव्हाच पोटातलं वर येतं. ब्रिटनमधल्या २०११ च्या मोठ्या पाहणीत भुलीतल्या श्वासमार्गाच्या मृत्यूंत सगळ्यात मोठं कारण पोटातलं फुप्फुसात जाणं हेच निघालं. त्यातल्या बऱ्याच रुग्णांत धोका आधी ओळखलाच गेला नव्हता, झटपट भुलीचा क्रमच वापरला नव्हता. जमत असेल तिथे पोटाची सोनोग्राफी शिकून घ्या. कुशीवर वळवून जठराचा खालचा भाग बघितला की पोट खरंच भरलेलं आहे का, हे अंदाजाऐवजी डोळ्यांनी कळतं.

मी स्वतः आज काय करतो? सिझेरियनची पूर्ण भूल आणि अडकलेलं आतडं या दोन जागी, शिकवलेला हात असेल तर दाब देतो, आणि पहिल्या अडचणीला काढतो. शिकवलेला हात नसेल तर देत नाही. मग तो हात मी बूजी आणि सक्शन धरायला वापरतो. स्कँडिनेव्हियातल्या भूलतज्ज्ञांनी २०१० पासून हा दाब सक्तीचा ठेवलेला नाही, त्यामुळे तो न देणाऱ्या सहकाऱ्याला मी निष्काळजी म्हणणार नाही. देणाऱ्यालाही जुनाट म्हणणार नाही. दिसत नसताना धरून ठेवणाऱ्याला मात्र मी थांबवेन.

नोंदीचा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण तो तुमच्या मनात असणार. त्या रात्रीच्या भुलीच्या कागदावर अजून लिहिता येत असेल तर आजची तारीख आणि वेळ घालून, मूळ नोंद न खोडता, जे घडलं ते लिहा: क्रिकॉइड दाब दिला, दृश्य तिसऱ्या श्रेणीचं, दाब सैल केल्यावर पहिल्या श्रेणीचं, नळी पहिल्याच प्रयत्नात, घशात काही आढळलं नाही. श्रेणी वेगळी असेल तर ती लिहा. आणि ज्या सिस्टरांनी दाब धरला होता, त्यांना उद्याच्या ड्युटीला काट्यापाशी बोलवा. त्यांनी तुमच्या शब्दासरशी हात सैल केला, हे त्यांना आधी सांगा.